एकाच युद्धानं पोसलेले दोन रस्ते

हॅटिसबर्गच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की दोन रस्ते हाकेच्या अंतरावर आहेत. एक मेन स्ट्रीट: कोर्ट, बँका, जुन्या विटांच्या दुमजली-तिमजली इमारती. दुसरा मोबील स्ट्रीट, अलाबामातल्या बंदराच्या गावावरून नाव पडलेला. दुसऱ्या महायुद्धात शनिवारी संध्याकाळी या दोन्ही रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसे. मेन स्ट्रीटवर गोरे सैनिक, मोबील स्ट्रीटवर कृष्णवर्णीय सैनिक. गणवेश एकाच सैन्याचा, पगार एकाच सरकारचा, आणि तो खर्च करायला गावानं दोन वेगळे रस्ते ठेवलेले. आज मेन स्ट्रीटच्या आसपास संध्याकाळी पुन्हा दिवे लागतात, माणसं जेवायला येतात. मोबील स्ट्रीटवर मात्र बऱ्याच ठिकाणी नुसते मोकळे प्लॉट आहेत. पायऱ्या आहेत, पण त्या चढून गेल्यावर घर नाही, दुकान नाही, गवत आहे.

मिसिसिपी राज्याच्या दक्षिणेला पाइनच्या जंगलात हे गाव वसलं. विल्यम हार्डी नावाच्या रेल्वे उभारणाऱ्या माणसानं आपल्या बायकोचं, हॅटीचं, नाव गावाला दिलं. १८८४ साली गावाची रीतसर नोंद झाली. वेगवेगळ्या दिशांचे रेल्वेमार्ग इथे एकत्र आले आणि लाकडाच्या वखारींवर गाव वाढलं. तीसच्या दशकापर्यंत मोठे पाइन संपले, गिरण्या बंद पडल्या. मागे उरले ते बुंधे. हर्क्युलिस कंपनीनं १९२३ पासून इथे कारखाना चालवला, तो या बुंध्यांमधून राळ आणि टर्पेंटाइन काढण्याचा. मी या गावात आले ती पॉलिमर शिकायला. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न मिसिसिपीचा पॉलिमर विभाग नावाजलेला, आणि मुंबई-पुण्याच्या केमिस्ट्रीवाल्या मुलामुलींना हे नाव सीनियरांकडून कळायचं. नव्वदच्या दशकात आम्ही मराठी मुलं-मुली तिथे लॅब, अपार्टमेंट आणि किराणा एवढ्या त्रिकोणात राहायचो. डाऊनटाऊनला जायचं कारणच पडत नसे. तिथे होतं काय? बंद दुकानांच्या काचांना आतून चिकटवलेले पिवळे कागद. १९९४ मध्ये गावाच्या पश्चिमेला टर्टल क्रीक मॉल उघडला आणि सगळं गाव गाड्या घेऊन तिकडे गेलं. आम्हीही गेलो.

आता मी अटलांटाला असते. तिथून सकाळी सुटणारी क्रेसेंट ही गाडी दुपार कलल्यावर हॅटिसबर्गला पोचते. एवढ्यात त्या गाडीनं गेले आणि मुक्काम स्टेशनाजवळच ठेवला, म्हणजे दोन्ही रस्ते पायी हिंडता येतील. गाडीतून बघितलेलं गाव आणि पायी बघितलेलं गाव यांत फार फरक असतो, अमेरिकेत तर जास्तच.

युद्धाची सुरुवात या गावासाठी पर्ल हार्बरच्या आधीच झाली. गावाच्या दक्षिणेला काही मैलांवर कॅम्प शेल्बी. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ती छावणी उभी राहिली होती आणि युद्ध संपल्यावर ओस पडली होती. १९४० मध्ये ती पुन्हा उघडली. त्या वर्षीच्या जनगणनेत हॅटिसबर्गची लोकसंख्या एकवीस हजारांच्या घरात होती. छावणीत त्याच्या कितीतरी पट माणसं आली. मंदीनं हबकलेल्या गावात एकदम रोख पैसा खेळू लागला. सुतार, गवंडी, प्लंबर यांना काम मिळालं. सैनिकांच्या बायका नवऱ्यामागे आल्या, म्हणून लोकांनी पुढच्या खोल्या, व्हरांडे, गॅरेजं भाड्यानं दिली. छावणीतून बस भरून पोरं गावात उतरायची. सिनेमा, कोल्ड्रिंक, घरी पाठवायला एक फोटो, आणि रात्रीच्या शेवटच्या बसला रांग. सेंगर थिएटर, १९२९ मध्ये बांधलेलं, अशा वेळी किती भरत असेल याची कल्पना त्याच्या पुढच्या फुटपाथवर उभं राहिलं की येते.

पण ज्यांना तिकीट असूनही मुख्य दारानं आत जाता येत नव्हतं, त्यांचं काय? मिसिसिपीत वंशभेदाचे कायदे होते आणि कायद्याहून कडक रिवाज होते. कृष्णवर्णीय सैनिकाला मेन स्ट्रीटवरच्या लंच काउंटरवर बसता येत नसे. बसमध्ये मागे बसायचं. तहान लागली तर वेगळा नळ. त्याच्यासाठी होता तो मोबील स्ट्रीट. हा रस्ता युद्धानं जन्माला घातलेला नव्हे, तो आधीपासून जिवंत होता. लाकूड गिरण्या आणि रेल्वेत कामाला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी तिथे आपली दुकानं, चर्च, खानावळी, सलूनं मांडली होती. हॅमंड स्मिथ या फार्मासिस्टचं औषधाचं दुकान तिथे होतं, त्यांचे भाऊ डॉक्टर होते. १९३६ मध्ये इथल्या एका हॉटेलात मिसिसिपी जूक बँडनं जी ध्वनिमुद्रणं केली, त्यांत पुढच्या रॉक अँड रोलची चाहूल आहे असं संगीताचे जाणकार म्हणतात. ज्यांना गावानं आत घेतलं नाही त्यांनी शेजारी आपलं गाव उभं केलं, आणि ते उभं करताना उधारी, वर्गणी, चर्चचा डबा यांवर भागवलं, कारण बँकेचं कर्ज सहज मिळत नसे.

युद्धात या रस्त्याला गिऱ्हाईक पुरेनासं झालं. पण सैनिकांना नुसतं दुकान पुरत नाही. बसायला, पत्र लिहायला, नाचायला, रात्री उशीर झाला तर पाठ टेकायला जागा लागते. गोऱ्या सैनिकांसाठी यूएसओचं, म्हणजे सैनिकांच्या विरंगुळ्याची सोय बघणाऱ्या संस्थेचं, केंद्र होतं. कृष्णवर्णीयांसाठी वेगळं केंद्र मार्च १९४२ मध्ये ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर उघडलं, मोबील स्ट्रीटपासून चार पावलांवर. ती बैठी इमारत अजून उभी आहे. कृष्णवर्णीय सैनिकांसाठी बांधलेली यूएसओची अशी इमारत मिसिसिपीत दुसरी उरलेली नाही. २००९ पासून तिथे आफ्रिकन अमेरिकन सैनिकी इतिहासाचं संग्रहालय आहे. आत मी बराच वेळ सभागृहाच्या जमिनीकडे बघत उभी राहिले. याच जागी सैनिकी बूट आणि गावातल्या मुलींच्या चपला एकत्र फिरल्या असतील. मुलींबरोबर चर्चमधल्या मावश्या असायच्या, लक्ष ठेवायला. पोरं विशीतली, घर सोडून आलेली, पुढे कुठे पाठवणार ते माहीत नाही. त्यांना या गावातल्या ज्या बायकांनी केक भाजून आणले, त्यांच्याकडे सोमवारी सकाळी धुण्याची गाठोडी यायची.

संग्रहालयात सर्वांत जास्त जागा मनात कुणी घेतली असेल तर जेसी ब्राउन या मुलानं. जन्म १९२६, हॅटिसबर्ग. शाळा याच सिक्स्थ स्ट्रीटवरची युरेका स्कूल. ओहायोला कॉलेजात जाण्यासाठी पैसे जमवायचे म्हणून तो गावातल्या एका क्लबमध्ये वेटरचं काम करत होता, आणि तो क्लब गोऱ्या सैनिकांचा होता. शिव्या ऐकायच्या, ट्रे सांभाळायचा, टिप खिशात टाकायची. १९४४ मध्ये तो ओहायो स्टेटला गेला. तिथे रात्री मालगाड्या भरायचं काम केलं आणि १९४८ मध्ये अमेरिकन नौदलाचा पहिला कृष्णवर्णीय वैमानिक झाला. डिसेंबर १९५० मध्ये कोरियात चोसिन जलाशयाजवळ त्याचं विमान बर्फात कोसळलं. पाय अडकलेले, इंजिनातून धूर. त्याचा सहकारी थॉमस हडनर यानं त्याला वाचवण्यासाठी आपलं धडधाकट विमान मुद्दाम शेजारी पोटावर उतरवलं आणि हातांनी बर्फ टाकत राहिला. ब्राउन वाचला नाही. तो चोवीस वर्षांचा होता. हडनर गोरा होता, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरचा. त्या बर्फात दोघांमध्ये जे होतं ते हॅटिसबर्गच्या लंच काउंटरवर त्या साली बेकायदेशीर ठरलं असतं, आणि हे लिहिताना अजून माझ्या पोटात कालवतं.

या गावातून गेलेल्या आणखी एका पलटणीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४३ मध्ये जपानी वंशाचे अमेरिकन सैनिक शेल्बीत आले: १०० वी बटालियन आणि मग ४४२ वी रेजिमेंट. त्यांतल्या कित्येकांचे आईवडील त्याच वेळी सरकारनं काटेरी कुंपणाच्या आत ठेवले होते, काहींचे तर शेजारच्याच आर्कान्सा राज्यात. गावात उतरल्यावर त्यांनी कोणत्या दारानं जायचं? ना गोरे, ना काळे. त्यांना सांगण्यात आलं, गोऱ्यांची बाजू वापरा. अर्ल फिंच नावाचा स्थानिक व्यापारी त्यांना घरी जेवायला नेऊ लागला, रुग्णालयांत भेटायला जाऊ लागला, आणि त्यापायी शेजाऱ्यांची नाराजी त्यानं ओढवून घेतली. या मुलांनी पुढे इटलीत जे केलं ते जगाला ठाऊक आहे. डॅनियल इनोये, नंतरचे हवाईचे सिनेटर, त्यांच्यातलेच. त्यांचा उजवा हात एप्रिल १९४५ मध्ये इटलीत गेला. त्याच इटलीत, त्याच महिन्यात, सेनियो नदीच्या काठावर आपले नामदेव जाधव जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडत होते. त्याआधी जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे पडले होते, ज्यांचा पुतळा माणगावला आहे. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. आपलीही पोरं तेव्हा अशा सरकारसाठी लढत होती, जे त्यांच्या घरी त्यांना बरोबरीनं बसवत नव्हतं. शेल्बीच्या मुलांची गोष्ट मला परकी वाटत नाही ती यामुळे.

युद्ध संपलं आणि सैनिक परत आले. क्लाइड केनर्ड हा इथलाच मुलगा सैन्यात जर्मनी आणि कोरियात राहून आला. त्याला घराजवळच्या कॉलेजात शिकायचं होतं, म्हणजे पुढे मी जिथे शिकले तिथेच. पण तेव्हा ते फक्त गोऱ्यांसाठी होतं. त्यानं पन्नाशीच्या दशकात पुन्हा पुन्हा अर्ज केला. १९६० मध्ये पंचवीस डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या चोरीत त्याला गोवून सात वर्षांची शिक्षा दिली. तुरुंगात त्याला कॅन्सर झाला, उपचार लांबले, आणि १९६३ मध्ये ४ जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तो गेला. २००६ मध्ये कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं. आमच्या विद्यापीठात त्याच्या नावाची इमारत आहे. मी विद्यार्थिनी होते तेव्हाही होती, आणि त्या दारातून आम्ही सगळ्या देशांची मुलं आत-बाहेर करायचो.

२२ जानेवारी १९६४ ला मेन स्ट्रीटवरच्या फॉरेस्ट काउंटीच्या कोर्टासमोर, भर पावसात, मतदार म्हणून नाव नोंदवायला कृष्णवर्णीय लोक रांगेत उभे राहिले. नागरी हक्कांच्या चळवळीचं ऑफिस मोबील स्ट्रीटवर, ५०७ नंबरला, एका गेस्टहाऊसमध्ये होतं. म्हणजे युद्धाच्या काळात ज्या रस्त्यानं सैनिकांना खोल्या दिल्या, त्यानंच आता उत्तरेकडून आलेल्या विद्यार्थ्यांना दिल्या. त्या उन्हाळ्यात चळवळीनं कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या इथल्या फ्रीडम स्कूलमध्ये सहाशेवर मुलं शिकली. ऑगस्टमध्ये त्यांतली सहा जण मेन स्ट्रीटवरच्या सार्वजनिक ग्रंथालयात कार्ड मागायला गेली, तर ग्रंथालयच बंद करण्यात आलं. मग ती आपल्या गोऱ्या शिक्षिकेला, सँड्रा अॅडिक्स यांना, घेऊन क्रेस स्टोअरच्या लंच काउंटरवर बसली. नागरी हक्कांचा कायदा जुलैतच झाला होता, त्यामुळे मुलांची ऑर्डर घेतली, पण त्यांच्यासोबत आलेल्या शिक्षिकेला वाढायला नकार दिला. बाहेर पडताच अॅडिक्स यांना भटकेपणाच्या आरोपाखाली अटक झाली. तो खटला १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. ग्रंथालयाची ती इमारत आज गावाचं कला केंद्र आहे. मी आत गेले, कुणीही जाऊ शकतं.

कोर्टासमोर आता व्हर्नन डॅमर यांचा पुतळा आहे, २०२० मध्ये बसवलेला. शेतकरी आणि दुकानदार. मत दिलं नाहीत तर तुम्ही मोजणीतच नाही, असं ते लोकांना सांगायचे. मत द्यायचं तर आधी कर भरावा लागे, तो आपल्या दुकानात भरता येईल असं त्यांनी जाहीर केलं आणि लगेच, १० जानेवारी १९६६ च्या पहाटे, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या लोकांनी त्यांचं घर पेटवलं. बायकामुलांना निसटता यावं म्हणून ते आतून बंदुकीनं उत्तर देत राहिले आणि भाजून गेले. त्यांचे चार मुलगे तेव्हा अमेरिकन सैन्यदलांत नोकरीला होते. जळालेल्या घरासमोर गणवेशात उभ्या असलेल्या त्या भावांचा फोटो मी पाहिला आहे. हल्ल्याचा हुकूम देणाऱ्या सॅम बॉवर्सला शिक्षा झाली ती १९९८ मध्ये.

मग दारं उघडली, आणि मोबील स्ट्रीट ओस पडत गेला. वंशभेद संपल्यामुळेच हा रस्ता मेला, असं हल्ली पुष्कळ जण हळहळून म्हणतात. मला ते पटत नाही. दारं उघडल्यावर कृष्णवर्णीय गिऱ्हाईक मेन स्ट्रीटवर गेलं हे खरं. जावंच, इतकी वर्षं अडवलं होतं. पण गोरं गिऱ्हाईक मोबील स्ट्रीटवर आलं का? स्मिथांकडे औषध तेच होतं, सलूनात कात्री तीच होती. वाहतूक एकाच बाजूला झाली, आणि एका बाजूनंच वाहणाऱ्या पैशानं कुठलाही बाजार आटतो. शिवाय त्याच काळात मेन स्ट्रीटही रिकामा होत होता. आधी हायवे ४९, मग आंतरराज्य महामार्ग, मग मॉल. म्हणजे रस्ते दोन्ही ओसरले. फरक पुढे पडला. मेन स्ट्रीटच्या बाजूच्या इमारती विटांच्या आणि मालकांच्या नावावर पक्क्या होत्या, त्यांच्यावर कर्ज निघत होतं. सेंगर थिएटर गावानं ताब्यात घेतलं, नीट केलं. १९१० चं स्टेशन दुरुस्त झालं. आता थिएटरमागच्या गल्लीत एका खिडकीएवढं पॉकेट म्युझियम आहे, तिथे मुलं आईबापांचा हात ओढत येतात. ते बघून मला मनापासून आनंद झाला. चार गल्ल्या पलीकडे मात्र लाकडी दुकानं पडली, ती पुन्हा बांधायला कुणी पैसा लावला नाही. लीफ नदीचं पाणी या सखल भागात शिरतं, म्हणून विमा महाग. ५०७ नंबरचं गेस्टहाऊस आता नाही, माहितीचा फलक आहे. फेब्रुवारी २०१३ च्या टॉर्नेडोनं युरेका स्कूलचं छप्पर फाडलं. जानेवारी २०१७ मध्ये दुसरा आला, तोही गावाच्या याच गरीब बाजूवरून.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते इराक युद्धाच्या काळातलं. २००४ पासून कॅम्प शेल्बीत पुन्हा हजारो सैनिक तयारीसाठी आले. गणवेश पुन्हा गावात दिसू लागले. पण या वेळी त्यांच्या सुट्टीचा पैसा महामार्गाच्या कडेच्या साखळी हॉटेलांत आणि मॉलमध्ये गेला. मोबील स्ट्रीटनं ज्या कामात हयात घालवली होती, ते काम दारात येऊनही त्याच्या हाती काही उरलं नव्हतं.

युरेका शाळा आता दुरुस्त होऊन संग्रहालय झाली आहे, आणि शेजारी ओसिओला मॅकार्टी यांचं छोटं लाकडी घर आणून ठेवलं आहे. सहावीत शाळा सुटली आणि पुढे त्यांनी आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केली. १९९५ मध्ये त्यांनी साठवलेले दीड लाख डॉलर आमच्या विद्यापीठाला गरजू मुलांसाठी दिले. मी तेव्हा तिथे होते. लॅबमध्ये कुणीतरी वर्तमानपत्र आणलं, आणि आमच्यातल्या एका मुलीनं ते वाचताना डोळे पुसले, तिची आजी पुण्यात धुणीभांडी करायची. आता ते घर पाहिलं तेव्हा जाणवलं की त्यांचं आयुष्य या रस्त्यांच्याच परिसरात गेलं होतं, आणि ज्या विद्यापीठाला त्यांनी पैसे दिले त्यानं त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांना दारात उभं केलं नसतं.

मोबील स्ट्रीटवर एका प्लॉटच्या कडेला घडीची खुर्ची टाकून एक आजोबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे. मी नमस्कार केल्यावर त्यांनी टोपी उचलली, “बसा मॅम,” म्हणाले, आणि आतून दुसरी खुर्ची आणायला नातवाला हाक मारली. त्यांच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान याच जागी होतं. शनिवारी बढती मिळालेला सैनिक धावत यायचा, शर्ट काढून काउंटरवर टाकायचा आणि बनियनवर उभा राहायचा. बाहीवर नवी पट्टी शिवून झाल्याशिवाय त्याला यूएसओच्या नाचाला जायचं नसायचं. वडील मशीन वापरत नसत, हातानंच शिवायचे, म्हणजे पट्टीच्या कडेला सुरकुती पडत नाही. हे त्यांना आईनं सांगितलेलं, कारण तेव्हा ते पाळण्यात होते. ऑक्टोबरात इथे दर वर्षी उत्सव भरतो तेव्हा रस्ता पुन्हा भरतो, गाणी होतात, बार्बेक्यूचा धूर असतो, बाहेरगावी गेलेली पोरं येतात. “एक दिवस,” आजोबा बोट वर करून म्हणाले.

नातवाला त्या जागी बार्बेक्यूचं कायमचं दुकान टाकायचं आहे. भट्टी त्यानं स्वतः जोडली आहे, मला दाखवली: जुनी तेलाची टाकी आडवी कापून, बिजागऱ्या लावून. माणसं येतील याची त्याला खात्री आहे, कारण उत्सवात येतात. अडलंय ते पुराच्या विम्यावर आणि बँकेच्या सहीवर. कागदपत्रांची फाइल त्यानं ट्रकमधून काढून आणली आणि आम्ही तिघं खुर्च्या जवळ ओढून ती वाचत बसलो. विम्याचा हप्ता कुठल्या पातळीवर बांधकाम केलं तर कमी होतो, याचा तक्ता शेवटच्या पानांवर होता. जोतं किती फूट उचलावं लागेल, त्याला किती विटा लागतील, याचा हिशेब आजोबा तोंडीच करत होते.